कोरडी पाकळी

रत्नागिरी, ता. १२ ऑक्टोबर १९३१

तीर्थस्वरूप भागोजीदादा यांस,

साष्टांग नमस्कार लिहीत नाही, तुला तो खोटा वाटेल. साधा नमस्कार मात्र खरा आहे, तो घे.

तुझं कार्ड काल मिळालं. माझा बाप्तिस्मा झाल्यापासून दहा वर्षांत तुझं हे पहिलं अक्षर, आणि मायना काय, तर 'तुळसाबाई यांस'. मी काय तुझी शेजारीण आहे? लहानपणी परसात पडले की 'बाय, लागलं का गो' म्हणत धावत येणारा तूच होतास ना? असू दे. कार्ड पाठवलंस हेच पुष्कळ झालं.

आये अंथरुणाला खिळली आहे, सारखी माझं नाव घेते, एवढं वाचलं आणि मला पुढचं दिसेना. डोळे पुसून वाचलं तर पुढे गावकऱ्यांचा निरोप. प्रायश्चित्त घेऊन पुन्हा आपल्यात ये म्हणजे घरात घेऊ, नाहीतर येऊच नकोस. आणि त्याच्याही खाली तुझी ओळ, की देवीला कौल लावला, तो डावा आला.

दादा, मीही त्याच गुरवाची मुलगी आहे. परसातली पिटकुळीची फुलं तोडून बाबांच्या परडीत मीच घालत होते. बाबा पाकळ्या पाण्यात ओल्या करून देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवायचे आणि गाऱ्हाणं घालायचे. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पालखी कधी हलवायची, विहीर कुठे खणायची, दोन भावांच्या भांडणात बांध कोणाचा, काय काय विचारलेलं मी ऐकलं. पण लेकीला आईचं तोंड बघू द्यायचं का, हे कोणी विचारलेलं बाबांच्या हयातीत मी ऐकलं नाही. ते तू विचारलंस? तुझी जीभ कशी रेटली?

आता माझं ऐक. ख्रिस्ताला मी सोडणार नाही. तेव्हा मला कोणी फूस लावली नव्हती, धान्य दाखवलं नव्हतं. नवरा गेल्यावर मी इथल्या मिशनच्या दवाखान्यात आजारी पडले होते, तिथे मला जे कळलं ते मी पाहून, पारखून घेतलं. नाव बदला म्हणाले, तर मी नाही म्हटलं. म्हटलं, तुळसा हे नाव माझ्या आयेनं ठेवलेलं आहे, ख्रिस्ताला ते चालत असेल तर मी आले. तेव्हा ख्रिस्त माझा आणि आयेही माझी. यातलं एक घे आणि एक टाक असं मला कोणी सांगू नये.

आयेला मी भेटणार आहे. कधी, ते आज लिहीत नाही. वसतिगृहात मुलींना ताप येत आहेत, स्वयंपाकघर माझ्याकडे आहे, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांशी बोलायचं आहे, मोटारीचंही बघायला हवं. आयेला सांग, तुळसा येते आहे.

तुझी बहीण
तुळसा

रत्नागिरी, ता. २ नोव्हेंबर १९३१

दादा,

नमस्कार. माझ्या पत्राला तुझं उत्तर नाही. मूग गिळून बसायची तुझी सवय जुनीच आहे. बस. मी इथे काय करून ठेवलं ते ऐक, आणि वाचताना हसलास तर मला राग येणार नाही.

तुझं कार्ड मी आमच्या पाळकसाहेबांना दाखवलं. ते घाटावरचे, नगरकडचे. म्हणाले, "तुळसाबाई, तुम्ही जाऊ नये असं माझं मत आहे. आजारी आई पुढे करतील आणि तुम्हाला ठेवून घेतील. तिथं तुमच्या बाजूनं एक माणूस नसेल." माणूस वाईट नाही, माझ्यासाठी घाबरला होता. मी मान हलवली आणि बाहेर आले.

बाहेर मथुरा उभी. ही माझ्याबरोबर वसतिगृहात काम करते, जन्माची ख्रिस्ती, मनानं चांगली. तिची एक रीत आहे. डोळे मिटून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं, पानावर बोट ठेवायचं, बोटाखाली जे वचन येईल ती देवाची आज्ञा. बाजारात बांगडे घ्यायचे की सुंगटं, हेसुद्धा बाई बोट ठेवून ठरवते. तिनं माझ्यासाठी बोट ठेवलं, तर निघाली वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी झाला. मथुरा गंभीर होऊन म्हणाली, "बघ, घराण्याबद्दल आहे. म्हणजे जा." मग जरा थांबून म्हणाली, "पण हे सगळे मेलेले आहेत गो. म्हणजे जाऊ नको."

मला हसू आवरेना. आणि हसणारी मी, दुसऱ्या दिवशी दुपारी काय केलं माहीत आहे? पाळकांच्या अंगणातली पिटकुळीची फुलं तोडली, वाटीत पाणी घेतलं, चर्चमध्ये कोणी नाही असं बघून स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या लाकडी क्रूसाच्या दोन्ही हातांना एकेक पाकळी ओली करून चिकटवली. गाऱ्हाणंसुद्धा घातलं. "प्रभू येशू, आयेला भेटायला जायचं असेल तर उजवी दे, नको असेल तर डावी दे." बाबांच्याच सुरात निघालं ते तोंडातून. मग बाकावर बसले वाट बघत.

पाकळ्या पडेनात. क्रूसाला नुकतंच रोगण दिलेलं होतं की काय कोण जाणे, दोन्ही अशा चिकटल्या की सुटायचं नाव नाही. बाहेर ऊन कलायला लागलं. आणि बसल्या बसल्या माझ्या एकदम ध्यानात आलं, की मी उजवीकडे बघतच नव्हते. माझे डोळे डाव्या पाकळीला लागले होते. ती पडावी म्हणून मी जीव टाकत होते.

कारण मला भीती वाटत होती, दादा. मुलींचा ताप केव्हाच उतरला होता आणि मोटार रोज सुटते. मी मागच्या पत्रात लिहिलेली कारणं सगळी भीतीचीच होती. घरापुढच्या खळ्यात उभी राहीन, सगळा गाव दगडी गडग्यापलीकडून बघेल, आणि आयेनं एकदा 'ये' म्हटलं तर माझ्यानं नाही म्हणवणार नाही, ही भीती. देवानंच जाऊ नको म्हणावं म्हणजे मी सुटले, असा माझा डाव होता. कौल कसला तो?

तेव्हा मला बाबा आठवले. तुलाही आठवत असेल, एक माणूस विचारायला आला होता, म्हाताऱ्या बापाला घरात ठेवू की गोठ्यात. बाबांनी परडी खाली ठेवली आणि म्हणाले, "जे तुला ठाऊक आहे ते देवीला विचारू नको. ठाऊक नसेल ते विचार." तो माणूस तसाच परत गेला होता. आपण दोघंही तिथेच उभे होतो.

मी वाटी उचलली आणि घरी आले. पाकळ्या काढायचं मात्र विसरले. रविवारी उपासनेला मंडळी जमली तेव्हा त्या वाळून क्रूसावर तशाच.

मग काय, मंडळीच्या पंचांपुढे मला उभं केलं. पाळकसाहेबांना पाकळ्यांचा कौल कसा लावतात ते ठाऊक नव्हतं, ते मीच सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "तुळसाबाई, प्रभूच्या घरात तुम्ही हे केलंत?" मी म्हटलं, "केलं. चुकलं. पण साहेब, आपल्या मंडळीत डोळे मिटून शास्त्रावर बोट ठेवतात, तोही कौलच आहे. पाकळीच्या जागी बोट, एवढाच फरक. मला शिक्षा करा, पण तेही बंद करा." मथुरेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पंचांतले दोघे छताकडे बघायला लागले, कारण एकानं मुलीचं लग्न तसंच ठरवलं आहे आणि दुसऱ्यानं होडी घ्यायचं.

रविवारचा बायकांचा वर्ग मी घेत असे, तो काही दिवस माझ्याकडून काढला आहे. ते बरोबरच केलं. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

पण त्यानंतर पाळकांची बायको कमळाबाई वसतिगृहात आली, माझ्याबरोबर तांदूळ निवडायला बसली. मी विचारलं, "तुम्ही कसं ठरवता मग?" ती म्हणाली, "मी देवाला विचारत बसत नाही, सांगते. आज मी अमुक करणार आहे, माझ्याबरोबर चल, असं म्हणते. काही काही गोष्टी त्याला सांगायची लाज वाटते. त्या मी करत नाही."

दादा, दहा वर्षं मी प्रवचनं ऐकते आहे, पण हे माझ्या पोटात गेलं. मी तिथेच सूप खाली ठेवून मनात म्हणून बघितलं, मी आयेला भेटायला जाणार नाही. हे त्याला सांगायची लाज वाटली. मग म्हटलं, मी जाणार आहे, पण घाबरून मी तुला नाही म्हणेन. त्याचीही लाज वाटली. मग म्हटलं, मी जाणार आहे आणि तुझीच राहून परत येणार आहे, बरोबर चल. हे मान वर करून म्हणता आलं.

पाळकसाहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "जा. आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करू." आणि आपली छत्री दिली.

तेव्हा पुढच्या सोमवारच्या मोटारीनं मी निघते आहे. तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही, तुला गावात मान खाली घालायला लावणार नाही. खळ्यात बसेन. खळं आभाळाखाली आहे, तिथून मला कोणी उठवू नये.

तुझी बहीण
तुळसा

रत्नागिरी, ता. १४ नोव्हेंबर १९३१

दादा,

नमस्कार. सुखरूप परत पोचले. पालीला मोटार तापली म्हणून जरा उशीर झाला, इतकंच.

मला बघितल्याबरोबर तू तांब्या उचलून देवळाकडे गेलास. एक शब्द बोलला नाहीस. तू गेल्यावर काय झालं ते तुला कोणी धड सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

मी खळ्यात जमिनीवर बसले. सावित्रीवहिनीनं पहिल्यांदा करवंटी ठेवून दुरून पाणी ओतलं. दुसऱ्या वेळी तांब्याच माझ्या हातात दिला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं आत गेली. तिला त्यावरून बोलू नकोस. तुझ्या घरात शहाणी बाई आली आहे.

मग गडग्याशी माणसं जमली. भिकाजीकाका पुढे. गावचे मानकरी, तेव्हा बोलायचा मान त्यांचाच. म्हणाले, "प्रायश्चित्ताचं काय ठरवलंस?"

मी म्हटलं, "घेणार नाही."

"मग आलीस कशाला?"

"आयेला बघायला."

"ती आत हाय, तू बाहेर."

"म्हणून तर बसले आहे, काका."

त्यांनी चंची सोडली. पान खाऊन निघून गेले. तोवर ठीक होतं, दादा. मी ताठ बसले होते, मनात जरा मिजासही आली होती. आणि मग खिडकीतून आयेचा आवाज आला.

"बाय, आलीस गो? जेवलीस?"

मी खिडकीखाली सरकले. ती म्हणाली, "आत ये. ते सांगतात त्याला हो म्हण नि आत ये. माझ्यासाठी म्हण."

एवढ्यासाठीच तर मी घाबरत होते. एक शब्द म्हटला की दार उघडं. दाराआड माझी आये, आणि तो शब्द खोटा म्हटला तरी कोणाला कळणार होतं? माझे पाय उठले होते, तुला खरं सांगते. मी डोळे मिटले आणि कमळाबाईसारखं म्हटलं, प्रभू, मी आता आयेला नाही म्हणणार आहे. माझ्याजवळ बस, एकटीनं हे जमणार नाही.

मग म्हटलं, "आये, खोटं हो म्हणून मी आत आले तर तुझ्याजवळ येऊन बसेल ती तुळसा नसेल. तुला कोण हवी?"

मला वाटलं, तिला दुखवलं, आता ती बोलणारच नाही. मी तोंडात पदर कोंबून रडले. मग ती म्हणाली, "बाबांवर गेलीस. हट्टी मेली." आणि हसली. दहा वर्षांनी तिचं हसणं ऐकलं.

दिवेलागणीपर्यंत आम्ही भिंतीच्या आतून-बाहेरून बोलत राहिलो. ती तुझ्या पोरांचं सांगत होती, मी वसतिगृहातल्या मुलींचं. तुमचा येशू काय खातो, असं विचारलंन. म्हटलं, मासे खायचा. तर म्हणते, मग आपल्यातलाच आहे की. हे मी पाळकसाहेबांना सांगितलं, ते मोठ्यानं हसले.

सकाळी तू काय केलंस ते मी तुला सांगायला नको. घोंगडीसकट आयेला उचललंस, माझ्या शेजारी आणून ठेवलंस, आणि गडग्याकडे न बघता पाणी शेंदायला गेलास. माझ्याशी तेव्हाही बोलला नाहीस. दादा, त्या एका कामाबद्दल मी जन्मभर तुझं नाव घेईन.

आता खरी गोष्ट. आयेचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती हळूच म्हणाली, "तुझ्या भावानं कौल लावलाच नाय."

मी म्हटलं, "काय सांगतेस?"

"देवळात गेला, तसा आला. मला म्हणाला, डावा आला. परडी माझ्या पायाशी ठेवलीन. मी बघितलं, फुलं तशीच, एक पाकळी ओली केलेली नाय. गुरवाच्या घरात माझा जन्म गेला. कोरडी पाकळी मला कळत नाय काय?"

मला आधी राग आला. देवीच्या नावावर खोटं बोललास आणि त्या खोट्यापायी इथे माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. परत येताना मोटारीत लांज्यापर्यंत मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. पण मग मला तू दिसायला लागलास. गावकऱ्यांनी कौल लाव म्हणून पाठवलेला, परडी घेऊन देवीपुढे एकटा उभा राहिलेला. हात पाण्याकडे जात नव्हता तुझा. कारण विचारायचं काय होतं? आयेला लेक भेटू द्यावी हे तुला ठाऊक होतं. बाबांनी परडी खाली ठेवली होती ते तूही पाहिलं होतंस.

मी ख्रिस्ती होऊन क्रूसाला ओली पाकळी चिकटवली. तू गुरव असून कोरडी पाकळी परत आणलीस. त्या दिवसांत बाबांचं आपल्या दोघांपैकी कोणी ऐकलं असेल, तर ते तू. हे मला पंचांपुढेसुद्धा सांगायला लाज वाटणार नाही.

गावाला जे खोटं सांगितलंस ते मात्र खोटंच आहे, त्याला मी दुसरं नाव देणार नाही. ते तुझं तू निस्तर. मी कोणाजवळ बोलणार नाही. फक्त एवढं लक्षात ठेव, की तुला विचारायची गरज पडली नव्हती. भिकाजीकाका काय म्हणतील याचीच तुला भीती होती, आणि ती भीती कशी असते ते मला पक्कं ठाऊक आहे.

आयेचे पाय रोज दाबत जा. डावा जास्त दुखतो तिचा, ती सांगत नाही.

तुझी बहीण
तुळसा

रत्नागिरी, ता. १९ डिसेंबर १९३१

दादा,

तुझं कार्ड आज दुपारी आलं. मी मुलींना वाढत होते. पळी मथुरेच्या हातात दिली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले.

आये गेली. मनाची तयारी होती असं मी चार जणींना सांगत होते, ती कुठे गेली कोण जाणे. पोटभर रडले. कमळाबाई येऊन शेजारी बसली. संध्याकाळी मंडळीनं प्रार्थना केली, पाळकसाहेबांनी आयेचं नाव घेतलं. आयेनं हसून येशूला आपल्यातला म्हटलं होतं, तेही सांगितलं. रविवारचा वर्ग आता पुन्हा माझ्याकडे आहे. मथुरा मला म्हणाली, "बोट ठेवू का तुझ्यासाठी?" आणि स्वतःच म्हणाली, "नको, तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक आहेच. आणि कार्ड वाचून कळलं, की तुलाही आहे. तीनच ओळी लिहिल्यास. मायन्यात 'बाय' लिहिलंस. खाली, 'आये काल पहाटे गेली. बाराव्याला ये.' आणि शेवटी, 'कोणाला विचारलेलं नाही.'

ही शेवटची ओळ मी किती वेळ बघत बसले.

येते मी. पिंडाला हात लावणार नाही, ते तुझं काम, तू नीट करशील. मी माझी प्रार्थना करीन, मनातल्या मनात, कोणाला त्रास नको. भिकाजीकाका गडग्याशी आले तर त्यांनाही पाणी विचारीन.

मोटार दुपारी राजापूरला पोचते. तिथून चालत सड्याचं माळरान ओलांडून यायला संध्याकाळ होईल. माझी घोंगडी खळ्यात टाक नाहीतर पडवीत टाक, तुला वाटेल तिथे टाक. आता कोणाला विचारू नकोस.

तुझी
बाय